नऊ गावांची वीज आणि एक शुद्ध फंक्शन

६ जानेवारी २०२५, सोमवार

विजू जाताना सांगून गेली, "अप्पा, रोज काय शिकलात ते लिहून ठेवा. चुकलं तर कुठं चुकलं ते कळतं." मी जन्मभर गणित शिकवलं. 'चुकलं तर' हे शब्द मला उद्देशून कुणी वापरले की माझं डोकं फिरतं. तरी पोरीच्या शब्दाखातर लिहितोय.

हकीकत अशी. सप्टेंबरात मी शाळेतून निवृत्त झालो. विजयश्री, आमची एकुलती एक, बेंगळुरूला कंपनीत असते. नव्या वर्षाला इकडं, कानडी मुलखातल्या भालकीजवळच्या आमच्या मेहकरला आली तेव्हा आपला जुना लॅपटॉप माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "आईचं एक काम करून द्या." आईचं काम म्हणजे गिरणीचं. आमच्या पुढच्या खोलीत सत्यभामाबाईंची, म्हणजे विजूच्या आईची, पिठाची गिरणी आहे. ती थ्री-फेज विजेवर चालते, आणि थ्री-फेज दिवसातून सात तास येते. कोणते सात, ते देवाला ठाऊक. बाया डोक्यावर ज्वारीची पाटी घेऊन येतात, ओट्यावर बसतात, "गुरुजी आता काय करायलाव घरी बसून?" असं मला विचारतात आणि न दळता परत जातात.

वीज कंपनीचं एक पान इंटरनेटवर आहे. त्यात प्रत्येक सबस्टेशनच्या वेळा लिहिलेल्या असतात, कन्नडमध्ये, पार तळाला, दहा नोटिसांच्या खाली. फोनवर ते उघडेपर्यंत वीज येऊन जाते. विजूचं म्हणणं, असा प्रोग्राम लिहायचा की रोज संध्याकाळी तो पान उघडेल, आपली तेवढी ओळ काढेल आणि हातात देईल.

मी म्हणालो, असली हमाली मला सांगू नकोस. मग तिनं हॅस्केल नावाची भाषा दाखवली. त्यात सगळी फंक्शनंच. म्हणाली, "अप्पा, यात फंक्शन शुद्ध असतं. तेच आत टाकलं की तेच बाहेर येतं. ते जगात कशालाच हात लावत नाही, काही बदलत नाही, फक्त उत्तर देतं."

मला भरून आलं. आठवीच्या पोरांना हे समजावताना माझा घसा बसायचा, आणि इथं कुणीतरी त्याची अख्खी भाषा केली होती.

सत्यभामाबाई चाळणी मारत ऐकत होत्या. म्हणाल्या, "तुमच्यासारखंच हाय की. कशाला हात लावायचा न्हाई, निस्तं उत्तर द्यायचं."

९ जानेवारी, गुरुवार

स्क्रीनवर लाल अक्षरांशिवाय काही येत नाही. विजूला ऑफिसात फोन केला. "अप्पा, मी मीटिंगमध्ये आहे." मी म्हणालो, "मग लवकर सांग." तिनं सांगितलं. पोरगी चांगली आहे, पण धीर कमी.

पान कापायला एक तयार लायब्ररी आहे. म्हणजे दुसऱ्यानं आधीच लिहून ठेवलेली फंक्शनं. तिचं नाव स्काल्पेल, ऑपरेशनच्या सुरीचं नाव. हिची पद्धत मला फार आवडली. इथं जा, तिथं वळ, अमुक उचल असं सांगायचंच नाही. काय पाहिजे त्याचं वर्णन करायचं: तक्ता, त्यातली आपल्या सबस्टेशनची ओळ, ओळीतला दुसरा रकाना. सुरी बरोबर तेवढाच तुकडा काढून देते. आणि तुकडा नाही सापडला तर थाप मारत नाही, 'काहीच नाही' असं स्वच्छ सांगते. शाळेत इतका प्रामाणिक विद्यार्थी मला एक भेटला नाही.

दुपारी प्रोग्राम चालला. उत्तर आलं: काहीच नाही.

११ जानेवारी, शनिवार

दोन दिवस स्वतःला दोष दिला. आज पान डोळ्यांनी बघितलं, तर आमचा रकाना खरंच रिकामा. बाकी सबस्टेशनच्या वेळा आहेत, आमच्यासमोर कोरं. प्रोग्राम बरोबर होता, कंपनी चूक होती. दोन दिवसांचा राग मी कंपनीवर काढला, म्हणजे सत्यभामाबाईंवर.

विजू म्हणाली, "नवीन साहेब आला असेल, भरेल दोन दिवसांत. रिकामं आलं तर काय दाखवायचं ते तुम्हीच लिहून ठेवा. पान भरलं की खरी वेळ येईल."

मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, "कुठली वेळ टाकू?"

"धा ते पाच टाका. सकाळचा सैपाक उरकून मला बसता येतंय."

मी समजावलं की ही फक्त नावापुरती वेळ आहे, तिला काही अर्थ नाही. "आसू द्या की," म्हणाल्या.

संध्याकाळी फोनवर ग्रुप काढला, 'वीज वेळापत्रक', आणि गिरणीवर दळायला येणाऱ्या सगळ्या घरांचे नंबर त्यात घातले. प्रोग्रामनं दिलेलं उत्तर मी त्यात डकवलं. वर लिहिलं, 'अधिकृत संकेतस्थळावरून'. खाली फंक्शन या संकल्पनेवर चार परिच्छेद जोडले, लोकांना तेवढंच ज्ञान. सत्यभामाबाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "आकडे तेवढे लिवा. खालचं कोण वाचतंय?" मी दुर्लक्ष केलं.

१३ जानेवारी, सोमवार

भोगी. बाजरीच्या भाकरीवर तीळ लावणं चालू होतं आणि पुढच्या खोलीतला बल्ब लागला. घड्याळात दहा. पाच वाजता गेला. काल रविवारीही तसंच झालं होतं, पण मी मनावर घेतलं नव्हतं.

आणि आज संध्याकाळी पानावरचा रकाना भरलेला. त्यात काय? दहा ते पाच. आता प्रोग्रामला माझी नावापुरती वेळ लागलीच नाही, त्यानं पानावरची खरी वेळ उचलली. सत्यभामाबाईंनी सहज सांगितलेली वेळ आणि कंपनीची वेळ एकच निघाली. योगायोग म्हणतात तो असा. गणितात याला जागा आहे.

२० जानेवारी, सोमवार

माझी वेळ एकदाही चुकलेली नाही. दहा म्हणजे दहा, पाच म्हणजे पाच. आठवड्यात एक दिवसही इकडचं तिकडं नाही. ग्रुपात आता नऊ गावं आहेत. भालकीच्या बाजारात एकानं मला थांबवून विचारलं, "तुमीच का ते लाइटचे गुरुजी?" मी सदरा नीट केला.

गिरणीवर सकाळी रांग असते. मीही लवकर उठतो, दाढी करतो, नऊच्या आत लॅपटॉपशी बसतो. लोक येतात.

आज प्रभुलिंग आला. शेजारचा शेतकरी, माणूस बरा पण चिकट. म्हणाला, "गुरुजी, ऊसाला पाणी द्यायचंय, जरा आठला सोडा की." मी म्हणालो, "अरे, मी सोडत नाही. मी फक्त वाचतो." तो म्हणाला, "तसं सगळेच म्हणतेत." आणि चहा पिऊन रागानं निघून गेला.

दुपारी सबस्टेशनवरचा ऑपरेटर आला, शिवशंकरप्पा. त्याची बायको आमच्याकडंच दळते. गरीब स्वभावाचा, मराठी बोलतो तरी मधूनच कन्नड निसटतं. माझ्या पाया पडायला वाकला. "गुरुजी, तुमचा मेसेज सहाला येतोय, मला लई आराम झालाय. साहेबाचा फोन लागायचा न्हाई, पान माझ्या फोनवर उघडायचं न्हाई." मी म्हणालो, "अरे, ज्ञान वाटल्यानं वाढतं." तो म्हणाला, "हौद्री, हौदु." व्हय व्हय म्हणाला. विजेच्या खात्यातल्या माणसालाही माझा उपयोग होतोय, याचं मला फार बरं वाटलं.

सत्यभामाबाईंनी त्याला दोन चकल्या जास्त दिल्या.

२४ जानेवारी, शुक्रवार

बसव्वा आल्या होत्या. गावातलं मोठं घर, आणि बसव्वांचा शब्द बायकांत चालतो. नातीचं लग्न आहे. त्यांच्या घरात लग्नाची पहिली हळद दळायची एक रीत आहे. हळकुंडं टाकून दगड एकदा फिरायला लागला की पाच ओंजळी पूर्ण होईपर्यंत थांबायचा नाही. मधे थांबला तर नवरीच्या संसाराला खीळ बसते, असं मानतात. पूर्वी जात्यावर पाच सवाष्णी आळीपाळीनं ओढायच्या. आता जातं कुणाला ओढवतंय? म्हणून गेली काही वर्षं भालकीच्या मोठ्या गिरणीत जायचे. तिथं गेल्या लग्नात वीज गेली आणि दगड थांबला. त्या गिरणीत आता गावातलं कुणी हळद नेत नाही.

"सत्यभामा, तुज्याकडं दळावं म्हणते. पण थांबला तर?"

सत्यभामाबाईंनी माझ्याकडं बघितलं. ही हळद नीट पार पडली तर आसपासच्या सगळ्या लग्नांची हळद आमच्या दारात येईल. न पडली तर भालकीच्या गिरणीचं झालं ते आमचं होईल. गिरणी त्यांनी उभी केली आहे, दगड झिजला की छिन्नीनं त्याला टाकी त्या स्वतः लावतात. ही गोष्ट मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसली.

मी म्हणालो, "बसव्वा, नऊ फेब्रुवारी, रविवार, साडेदहा. पाचपर्यंत दगड थांबणार नाही. हे मी सांगत नाही, गणित सांगतंय."

बसव्वा म्हणाल्या, "गणिताचं मला ठाव न्हाई. तुमी सांगायलाव ना?"

"सांगतो."

१ फेब्रुवारी, शनिवार

अपमान. काल संध्याकाळी पानाची मांडणी कुणीतरी बदलली. तक्त्यात आमच्या सबस्टेशनच्या नावानं वर आणखी एक ओळ घातली: तक्रार नोंदवायची वेळ, आठ ते बारा. माझ्या सुरीनं पहिली सापडलेली ओळ कापली. सुरीचा दोष नाही, मी सांगितलंच होतं की पहिली ओळ दे. आणि मी न वाचता ग्रुपात डकवलं: आठ ते बारा.

सकाळी पावणेआठला लक्षात आलं. माफीचा मेसेज लिहायला घेतला. थोडक्यात लिहायचा म्हटला तरी तीन परिच्छेद झाले. पाठवणार तेवढ्यात बल्ब लागला. आठ वाजले होते.

बारा वाजता गेला.

२ फेब्रुवारी, रविवार

आता पानावरही खरोखर आठ ते बारा लिहून आलंय. प्रोग्राम मी दुरुस्त केला, योग्य ओळ वाचली, आणि त्यानं उत्तर दिलं आठ ते बारा. म्हणजे माझी चूक आणि कंपनीचा निर्णय पुन्हा एकच निघाले. सात तासांचे चार झाले म्हणून ग्रुपात शिव्या चालू आहेत. प्रभुलिंगनं लिहिलं, 'गुरुजी आमी काय घोडं मारलं?'

विजूला फोन करून सगळं सांगितलं. तिनं पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग ती हसायला लागली. इतकी हसली की तिची मैत्रीण येऊन विचारायला लागली काय झालं.

"अप्पा, पान कोण भरतं?"

"कंपनी."

"कंपनीला कोण सांगतं?"

"मला काय माहीत?"

"जाऊन विचारा एकदा. आणि जाताना पाणी पिऊन जा."

हिचा स्वभाव आईवर गेलाय, सरळ उत्तर द्यायचंच नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सबस्टेशनवर जाऊन आलो.

शिवशंकरप्पानं खुर्ची दिली. भिंतीवर लाल-हिरवे दिवे, मोठमोठे खटके. मी विचारलं, "तू वीज कधी सोडायची ते कशावरून ठरवतोस?"

त्यानं फोन दाखवला. माझा ग्रुप. "तुमच्या आदेशावरून, गुरुजी. वर लिवलंय की, अधिकृत."

"आणि पान कोण भरतं?"

"गुरुपादय्या साहेब. नवीन आलेत. रोज पाचला फोन करतेत, आज किती ते किती दिलास? मी सांगतो. ते भरतेत."

मी खटक्यांकडं बघत बसलो. साहेब यानं दिलेली वेळ पानावर लिहितात. मी पानावरची वेळ उद्याची म्हणून ग्रुपात लिहितो. हा ग्रुपातली वेळ वाचून वीज देतो. मी म्हणालो, "शिवशंकरप्पा, मग ठरवतं कोण?"

तो म्हणाला, "तुमीच की गुरुजी."

माझं फंक्शन जगात कशालाच हात लावत नाही असं मी महिनाभर लोकांना सांगत होतो. त्यानं नऊ गावांचे खटके दाबले. लोकांचा ऊस, लोकांच्या गिरण्या, लोकांची पिठं, सगळं माझ्या लॅपटॉपवरून.

घरी येऊन संध्याकाळी मी माझ्या हातानं 'दहा ते पाच' लिहिलं. लोकांचे सात तास तरी परत मिळावेत. प्रोग्रामनं आठ ते बारा सांगितलं होतं. ते मी खोडलं. फंक्शन बाटलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

वीज दहा ते पाच येतेय. लोक खूश आहेत. प्रभुलिंगनं कोथिंबिरीची जुडी आणून दिली आणि म्हणाला, "ऐकलंत ना शेवटी." मला ती जुडी बघवेना.

सत्यभामाबाईंना सगळं सांगितलं. वाटलं घाबरतील. त्यांनी हळकुंडं उन्हात पालथी करत ऐकलं आणि म्हणाल्या, "रविवारपस्तोर गप बसा. हळद होऊ द्या, मंग काय सांगायचं ते सांगा."

"लोकांना खोटं सांगतोय मी. वर अधिकृत लिहितोय."

"मंग अधिकृत लिवू नका. पर गप बसा."

विजूचंही तेच. "अप्पा, सोमवारी साहेबांना भेटा. रविवारी काही करू नका. प्लीज." दोघींचं मत एकच आलं की मला संशय येतो. एखाद्यानं चुकीचं गणित फळ्यावर तसंच ठेवून घरी जावं, तसं मला होतंय. झोप नाही, जेवण जात नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

लिहिलं. मन हलकं झालं. नोंद राहावी म्हणून शेवटचा परिच्छेद इथं उतरवतो.

'सदस्यहो, उद्याची वेळ दहा ते पाच आहे, पण ती कंपनीनं नव्हे, मी लिहिलेली आहे. हे किती भयंकर आहे ते ध्यानात घ्या. समजा उद्या मी लिहिलं की अकरा वाजता बंद, तर अकरा वाजता बंद होईल. असा अधिकार कुणा एका निवृत्त शिक्षकाकडं असता कामा नये. सोमवारी मी साहेबांना भेटून सर्व सांगणार आहे. क्षमस्व.'

वर सहा परिच्छेद होते. ग्रुपातून तीन अंगठे आले आणि एक गुलाबाचं फूल. प्रभुलिंगनं लिहिलं, 'छान माहिती गुरुजी.'

९ फेब्रुवारी, रविवार

जे झालं ते क्रमानं लिहितो.

दहाला वीज आली. साडेदहाचा मुहूर्त, पण बसव्वांकडच्या बायका पावणेअकराला पोहोचल्या, गाणी म्हणत. गिरणीच्या मोटरीला हळदकुंकू लावलं, आंब्याचं पान आणि हळकुंड दोऱ्यानं बांधलं. नवरी कोपऱ्यात पाटावर. सत्यभामाबाईंनी नवीन लुगडं नेसलं होतं. खटका दाबला, पट्टा फिरला, दगड गरगरला. पहिली ओंजळ पडली. पिवळी धूळ उडाली, सगळ्या बायका शिंकल्या आणि हसल्या.

दुसरी ओंजळ बसव्वांच्या हातात होती. बल्ब गेला.

भिंतीवर अकरा वाजले होते. मला एका क्षणात कळलं. शिवशंकरप्पा आकडे तेवढे वाचतो. माझ्या त्या सगळ्या परिच्छेदांतला शेवटचा आकडा अकरा होता, आणि त्याच्यापुढं 'बंद' असं मीच लिहिलं होतं. मी खाली बसलो.

मोटर गप्प झाली, पण जड चाकाला जोर असतो, दगड अजून फिरत होता. हळूहळू होत होता. बायकांची गाणी थांबली. नवरीनं तोंडावर पदर घेतला. बसव्वांची ओंजळ हवेत तशीच.

सत्यभामाबाईंनी मोटरीचा खटका खाली पाडला, काठीनं पट्टा चाकावरून उतरवला आणि दोन्ही हातांनी चाक धरून ओढलं. "थांबायच्या आत धरा गं. आन् तुमी काय बसून ऱ्हायलाव? उठा."

मी उठलो. चाकाच्या या बाजूला मी आणि त्या, त्या बाजूला तीन बायका. ओढलं. दगड घरघर करत फिरत राहिला. "टाका, बसव्वा," सत्यभामाबाई म्हणाल्या. बसव्वांनी दुसरी ओंजळ टाकली. कुणीतरी एका म्हातारीनं जात्यावरची जुनी ओवी काढली, बाकीच्यांनी उचलली. माझा श्वास चढला, सदरा भिजला, हळद घामावर बसली. तिसरी ओंजळ. मी हात सोडून शिवशंकरप्पाला फोन लावला, तर लागेना. नऊ गावं त्यालाच फोन करत होती.

मग मी ग्रुपात लिहिलं. आयुष्यातला सगळ्यात छोटा मेसेज: 'आत्ता चालू करा.' ना अधिकृत, ना क्षमस्व.

चौथी ओंजळ हातानंच झाली. पाचवी निम्मी झाली तेव्हा बल्ब लागला. सत्यभामाबाईंनी मान हलवून नाही म्हटलं, मोटर सुरू केली नाही. हातानंच पूर्ण करू, म्हणाल्या. पाचवी ओंजळ पडली तेव्हा सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या.

बसव्वांनी दगडाला हात लावून बघितला. गरम होता. "थांबला न्हाई," म्हणाल्या. "माज्या लग्नातबी असंच वडलं हुतं. आता असं कोण वडतंय?" मग माझ्याकडं बघितलं. मी डोक्यापासून पायापर्यंत पिवळा. "आगं सत्यभामा, नवरदेव हितंच हाय की."

बायका हसून हसून वाकल्या. नवरीसुद्धा हसली. जाताना दोघींनी आपापल्या घरच्या लग्नाची तारीख सांगून ठेवली आणि बजावलं, "आमचीबी हातानंच वडायची, गुरुजींसगट." मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

काल जायचं होतं, पण काल खांदे वर जात नव्हते. आज शिवशंकरप्पाला घेऊन शाखा ऑफिसात गेलो. गुरुपादय्या साहेब तरुण आहेत, भले आहेत. सगळं ऐकल्यावर त्यांचा चेहरा पडला. "मला वाटलं ऑपरेटरला वरून वेळ येते."

"मला वाटलं तुमच्याकडून येतेय," शिवशंकरप्पा म्हणाला.

मग दोघांनी माझ्याकडं बघितलं.

साहेबांनी पान उघडलं, म्हणाले आजपासून वेळ मी ठरवणार, लेखी. मी उभा राहून नमस्कार केला. साहेबांनी बोटं कीबोर्डवर ठेवली आणि थांबले. "तसं कोणती वेळ सोयीची पडेल?"

शिवशंकरप्पा म्हणाला, "धा ते पाच ठेवा की सर. लोकांस्नी सवय झालीय."

साहेबांनी दहा ते पाच लिहिलं. खाली सही, शिक्का, तारीख.

घरी आलो, प्रोग्राम चालवला. दहा ते पाच. पण आता हे खरं दहा ते पाच. सत्यभामाबाई दगड उलटा करून टाकी लावत बसल्या होत्या. मी अभिमानानं सांगितलं, "आता सरकारनं ठरवलं. दहा ते पाच, लेखी."

"बरं झालं," म्हणाल्या. टाकीचा ठोका चुकला नाही.

तेव्हा मला आठवलं. रकाना रिकामा होता, मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो, आणि ही वेळ कुणी सांगितली होती. नऊ गावं, एक ऑपरेटर, एक साहेब आणि एक शिक्का, सगळे सत्यभामाबाईंच्या सैपाकाच्या वेळेवर चालले होते.

"तुला माहीत होतं?"

"व्हय."

"कधीपासून?"

"संक्रांतीपसून. शिवशंकरप्पाची बायको दळायला आली तवा सांगितली, आमचे हे तुमच्या गुरुजींचं बघून लाइट सोडायलेत म्हणून."

"मग बोलली कामून नाहीस?"

टाकी थांबली. त्यांनी दगडावरची भुकटी फुंकली. "शाळा सुटल्यापसून तुमी खुर्चीत बसून भित्तीकडं बगायलालाव. धड जेवण न्हाई, कुणाशी बोलणं न्हाई. मला भ्या वाटायलं हुतं. विजूला मीच म्हणले, बापाला कायतरी काम लाव, गिरणीचं नाव सांग. मंग तुमी सकाळी उठून दाढी करायलालाव, लोकांशी भांडायलालाव. चांगलं चाललं हुतं. मी कशाला बोलू?"

मला रडू आलं. त्यांच्यासमोरच आलं. त्यांनी बघितलं आणि पुन्हा टाकी हातात घेतली, मला वेळ मिळावा म्हणून. या बाईशी मी इतकी वर्षं संसार केला आणि गणित मला येतं असं समजत होतो. मी जवळ जाऊन दगडाची दुसरी कड धरली.

संध्याकाळी विजूचा फोन. तिला सगळं आधीच माहीत होतं, ते आता सांगायला नको. म्हणाली, "अप्पा, आता बसच्या वेळा घ्या. डेपोचं पान आहे. तीच सुरी, दुसरा तक्ता." मी म्हणालो, "घेतो. पण या वेळी फक्त वाचणार."

सत्यभामाबाई आतून म्हणाल्या, "उदगीरची गाडी साडेआठला लई लवकर व्हतीय बगा. साडेनऊ बरी पडंल."

मी लॅपटॉप ओढला. पान उघडून बघितलं. उदगीरच्या गाडीसमोरचा रकाना रिकामा आहे.